पहिलं मत एकट्याचं असतं

निवडणूक पार पडली की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दोन फोटो हमखास असतात. एक, नातवाचा हात धरून केंद्रावर आलेल्या आजीबाईंचा. दुसरा, शाई लावलेलं बोट कॅमेऱ्यासमोर धरणाऱ्या कॉलेजच्या मुला-मुलींचा. खाली ठरलेली ओळ, ‘नवमतदारांमध्ये उत्साह’. उत्साह असतोच, ते खोटं नाही. पण पहिल्यांदा मत देऊन आलेल्या मुलाशी जरा निवांत बोललं की कळतं, या एका ओळीत न मावणारं बरंच काही त्याच्या मनात चालू असतं.

रांगेत उभं असताना यादीत आपलं नाव सापडेल ना, ही धाकधूक असते. आत गेल्यावर बटण चुकीचं दाबलं गेलं तर, ही भीती असते. मग तो लांबलचक ‘बीप’ वाजतो आणि बाहेर आल्यावर ‘एवढंच होतं होय?’ असंही वाटतं. काहींना अभिमान वाटतो, काहींना काहीच वाटत नाही. ‘माझ्या एकट्याच्या मतानं काय होणार’ हे वाक्य तर जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. आणि एक प्रश्न असा असतो, जो कुणी मोठ्यानं विचारत नाही. घरी, मोहल्ल्यात, मित्रांत विचारलं की ‘कुणाला दिलंस?’ तर काय सांगायचं?

माझ्या मते, पहिल्या मतातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट या न विचारलेल्या प्रश्नात आहे. आपल्याकडे अठरा वर्षांच्या मुला-मुलींच्या आयुष्यातले बहुतेक निर्णय सामुदायिक असतात. कुठली शाखा घ्यायची, कुठल्या शहरात शिकायचं, लग्न कधी करायचं, यात आई-वडील, मामा-चाचा, शेजारीपाजारी सगळे असतात. मतदान यंत्राभोवती जो पुठ्ठ्याचा आडोसा असतो, त्याच्या मागे मात्र कुणी नसतं. कायद्यानं तिथे कुणाला येताच येत नाही. कित्येकांच्या आयुष्यातला पूर्णपणे एकट्यानं घेतलेला हा पहिला निर्णय असतो. या एकटेपणाची किंमत आपल्याला कळलेली नाही, असं मला वाटतं. ती कळण्यासाठी, ज्यांना हा हक्क उशिरा मिळाला त्यांच्याकडे पाहावं लागतं.

एका अर्थानं हा सगळा देशच कधीतरी नवमतदार होता. २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ या चार महिन्यांत स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदार होते १७ कोटींच्या वर. १९५१च्या जनगणनेनुसार साक्षरता होती जेमतेम १८ टक्के. इंग्रजांच्या काळात मत कुणाला होतं? ज्याच्याकडे जमीन आहे, जो कर भरतो, ज्याचं ठरावीक शिक्षण झालंय, त्याला. मुंबई इलाख्यात स्त्रियांना १९२१ साली मत मिळालं, तेही या अटींसह. शेतमजूर, गिरणीतल्या झाडूवाल्या, मासळी विकणाऱ्या बाया या हिशेबात कुठेच नव्हत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मतदानाची मागणी केली, तेव्हा अडाणी माणसाला मत देणं म्हणजे धोका, असं मानणारे शिकलेले लोक कमी नव्हते. राज्यघटनेनं हा वादच मिटवला. सावकाराचं एक मत आणि त्याच्या कुळाचंही एकच मत.

त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. पेटीवर चिन्ह चिकटवलेलं. वाचता न येणाऱ्या माणसानं चिन्ह ओळखायचं आणि त्या पेटीत मतपत्रिका टाकायची. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे वेगळीच अडचण उभी राहिली. मतदारयादी करायला गेलेल्यांना उत्तर भारतातल्या अनेक बायका स्वतःचं नावच सांगेनात. परक्या माणसाला नाव सांगायची रीत नव्हती. मग याद्यांमध्ये ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशा नोंदी झाल्या. सेन यांनी सांगितलं, असं चालणार नाही. मतदाराला स्वतःचं नाव पाहिजे. शेवटी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून काढावी लागली. त्या वेळी हा निर्णय कठोर वाटला असेल. पण त्यामागचा विचार नीट पाहा. सरकार त्या बाईला सांगत होतं की, मत तुझ्या नवऱ्याचं किंवा मुलाचं नाही. ते तुझं आहे, आणि ते घ्यायचं असेल तर तुझ्या नावानं घे.

आज एखादी मुलगी मोबाईलवर यादी उघडते, स्वतःचं नाव शोधते आणि सापडल्यावर स्क्रीनशॉट घेऊन मैत्रिणींना पाठवते. तिचा तो आनंद पोरकट नाही. त्या नावामागे सत्तर वर्षांचा प्रवास आहे.

यादीत नाव असणं म्हणजे काय, हे अलीकडच्या काळात सगळ्यात चांगलं कुणाला कळलं असेल तर पश्चिम बंगालमधल्या कूचबिहारच्या छिटमहलवासीयांना. भारताच्या भूमीनं चहूबाजूंनी वेढलेले, पण कागदोपत्री बांगलादेशचे असे जमिनीचे ५१ तुकडे तिथे होते. त्यात राहणाऱ्यांना ना भारत आपलं म्हणत होता, ना बांगलादेश त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत होता. शाळेत नाव घालायचं, दवाखान्यात दाखल व्हायचं, तर लगतच्या भारतीय गावातल्या कुणाला तरी कागदावर बाप किंवा नवरा म्हणून दाखवायचं. कित्येक मुलांच्या दाखल्यावर खऱ्या बापाचं नावच नव्हतं. दोन्ही देशांमध्ये १९७४ साली करार झाला. तो प्रत्यक्षात यायला ३१ जुलै २०१५ची मध्यरात्र उजाडावी लागली. त्यासाठी शंभरावी घटनादुरुस्ती झाली. आणि ५ मे २०१६ रोजी पश्चिम बंगालच्या विधानसभा निवडणुकीत या लोकांनी पहिल्यांदा मत दिलं. त्यात विशीतली पोरं होती आणि वयाची शंभरी ओलांडलेले आजोबाही होते. आजोबा आणि नातू एकाच दिवशी नवमतदार झाले. त्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ‘एका मतानं काय होतं?’ असं विचारायची आपली हिंमत झाली असती का?

दक्षिण आफ्रिकेत २७ एप्रिल १९९४ रोजी कृष्णवर्णीयांनी पहिल्यांदा देशाच्या निवडणुकीत मत दिलं. नेल्सन मंडेला तेव्हा ७५ वर्षांचे होते आणि तेही आयुष्यात पहिल्यांदाच मत देत होते. लोक तासन्‌तास रांगेत उभे होते. वर्णद्वेषी राजवटीत माणसाचा वर्ण आधी नोंदवला जायचा आणि मग त्याचे हक्क ठरायचे. त्या दिवशी पहिल्यांदाच रांग एक होती.

हा ‘आधी नोंद, मग हक्क’ प्रकार आपल्याकडेही होऊन गेला आहे. १९०९च्या कायद्यानं इंग्रजांनी मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ आणले. मुसलमानाची यादी वेगळी, त्याच्या जागा वेगळ्या, त्याचे उमेदवार वेगळे. संरक्षणाच्या नावाखाली आलेल्या या व्यवस्थेनं काय केलं? शेजारच्या हिंदूचं मत मागायची मुस्लिम उमेदवाराला गरज उरली नाही आणि मुसलमानाच्या दारात जायची इतर उमेदवारांना गरज उरली नाही. एकाच आळीत राहणारी दोन माणसं दोन वेगवेगळ्या निवडणुका लढत होती. त्याचा शेवट कुठे झाला, ते सांगायला नको.

संविधान सभेत या व्यवस्थेला सोडचिठ्ठी देण्यात आली. सभेतल्या एकमेव मुस्लिम महिला सदस्य बेगम ऐजाज रसूल यांनी स्वतंत्र मतदारसंघांना तर विरोध केलाच, पण धर्माच्या आधारावरच्या राखीव जागाही नकोत, अशी भूमिका घेतली. फाळणीच्या जखमा ओल्या असताना हे बोलायला धाडस लागतं. अल्पसंख्याकांनी वेगळं राहून सुरक्षितता शोधण्यापेक्षा बहुसंख्याकांवर विश्वास टाकावा, असं त्या म्हणत होत्या. आज विधिमंडळात मुस्लिम प्रतिनिधी किती उरलेत हे पाहिल्यावर, तो विश्वास सगळ्याच पक्षांनी पाळला का, हा प्रश्न विचारता येईल आणि विचारायलाच हवा. पण बेगमसाहेबांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे मिळवलं, ते राज्यघटनेच्या कलम ३२५ मध्ये आहे. प्रत्येक मतदारसंघाची एकच सर्वसाधारण यादी असेल. केवळ धर्म, वंश, जात किंवा लिंग यांच्या कारणावरून कुणाला त्यातून वगळता येणार नाही आणि या कारणांवरून कुणाला वेगळी यादीही मागता येणार नाही.

मतदारयादी काढून बघा. नाव आहे, वडिलांचं किंवा पतीचं नाव आहे, घर क्रमांक आहे, वय आहे, लिंग आहे. धर्माचा रकाना नाही. जातीचा रकाना नाही. ही साधी गोष्ट नव्हे.

पण जो रकाना यादीत नाही, तो आपल्या डोक्यात मात्र ठळक अक्षरात आहे. निवडणूक लागली की टीव्हीवर पडदाभर आकडे येतात. मुस्लिम इतके टक्के, मराठा इतके, दलित इतके, ओबीसी इतके. ‘मुस्लिम मतं कुठे जाणार?’ यावर चार-पाच जण तासभर बोलतात. मतं जणू पायात दोरी बांधलेली, कुणीतरी हाकत नेतंय. आता यात अठरा वर्षांचा एक मुलगा कल्पा. मालेगावचा असेल, मुंब्र्याचा असेल, परभणीचा असेल. त्यानं अजून एकदाही मत दिलेलं नाही. रोजगार, परीक्षांचे घोळ, गावातला रस्ता, वसतिगृह, यातलं त्याला काय महत्त्वाचं वाटतं, हे त्याला कुणी विचारलेलं नाही. पण त्याचं मत कुठे जाणार, हे सगळ्यांना आधीच माहीत आहे. त्यानं बटण दाबायच्या आधीच त्याची मोजणी झालेली असते.

२०२४ साली महाराष्ट्रात याच्याही पुढची पायरी गाठली गेली. लोकसभेचे निकाल लागल्यावर मुसलमानांच्या मतदानाला ‘व्होट जिहाद’ म्हटलं गेलं. विधानसभेच्या प्रचारात त्याला उत्तर म्हणून ‘मतांचं धर्मयुद्ध’ हा शब्द सभांमधून आला. त्याच प्रचारात एका मौलानांनी मतदारसंघनिहाय पाठिंब्याच्या उमेदवारांची यादी जाहीर केली. दोन्ही बाजूंना एकमेकांचं खाद्य मिळालं. या सगळ्यात त्या वर्षी पहिल्यांदा मत देणाऱ्यांचं काय झालं असेल? देशभरात सुमारे १.८ कोटी नवमतदार होते. त्यातल्या मुस्लिम मुलानं ऐकलं की त्याचं पहिलंवहिलं मत म्हणजे कट आहे. हिंदू मुलानं ऐकलं की त्याचं पहिलं मत म्हणजे युद्धातला बाण आहे. नागरिक म्हणून मिळालेला हक्क वापरायला दोघंही निघाले होते. वाटेतच कुणीतरी दोघांच्या अंगावर गणवेश चढवला.

मला राग दोघांचाही येतो. जे बाहेरून शिक्का मारतात त्यांचा, आणि जे आतून ठेका घेतात त्यांचाही. मोहल्ल्यातला नेता उमेदवाराला सांगतो, ‘आपल्याकडे अमुक हजार मतं आहेत’. ‘आपल्याकडे’ म्हणजे कुणाकडे? ती मतं काय त्याच्या तिजोरीत आहेत? जात पंचायतीतला पुढारी हेच करतो, सोसायटीचा अध्यक्ष हेच करतो, साखर कारखान्याचा संचालक हेच करतो. घरातला कर्ता पुरुषही आपल्या परीनं हेच करतो, ‘आपली पाच मतं अमक्याला’. या पाचात एक मत त्याच्या मुलीचं असतं. तिला कुणी विचारलेलं नसतं.

इथे कुणी म्हणेल, समाजानं एकत्र येऊन मत दिलं तर बिघडलं कुठे? ज्यांना भीती आहे, ज्यांच्या घरावर, व्यवसायावर, पेहरावावर बोट ठेवलं जातं, ते एकत्र विचार करणारच. हा मुद्दा खोटा नाही. भीतीतून येणारं मत हेही विचारपूर्वक दिलेलं मत असू शकतं. एकाच वस्तीत राहणाऱ्यांचे प्रश्न सारखे असतात, तर त्यांचं उत्तरही बऱ्याचदा सारखं येणार. ऊसउत्पादकांचं तसंच होतं आणि गिरणी कामगारांचंही तसंच होत होतं. माझा आक्षेप उत्तर सारखं येण्याला नाही. प्रत्येकानं आपापलं गणित सोडवून ते यायला हवं, एवढंच म्हणणं आहे. कॉपी करून आलेलं बरोबर उत्तरही परीक्षेत चालत नाही.

आणि पहिल्या मताच्या वेळी ही सवय लागली नाही, तर पुढे लागणं कठीण असतं.

दुसरा धोका निराशेचा आहे. २०१९ साली महाराष्ट्रात ज्यांनी विधानसभेसाठी पहिलं मत दिलं, त्यांनी त्या एका विधानसभेच्या काळात तीन मुख्यमंत्री पाहिले. पहाटेचा शपथविधी पाहिला, दोन मोठे पक्ष फुटलेले पाहिले. ज्याला मत दिलं तो कुठल्या बाजूला आहे, हे कित्येकांना रोज उठून बघावं लागत होतं. ‘आता परत जाणारच नाही मत द्यायला’ असं त्यातलं कुणी म्हणालं, तर त्याला लोकशाहीवर व्याख्यान देणं सोपं आहे. त्याची चीड मात्र खरी आहे, तिला उत्तर द्यावं लागेल.

त्यात भर म्हणजे, जिथे मताचा परिणाम डोळ्यांना दिसतो, त्या निवडणुकाच झाल्या नाहीत. मुंबई महापालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली होती. मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आला. पुढची निवडणूक झाली ती थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. म्हणजे २०१७च्या उन्हाळ्यात अठरा वर्षांचा झालेला मुंबईकर नगरसेवकासाठी पहिलं मत देईपर्यंत सव्वीस वर्षांचा झाला. तोवर त्यानं पंतप्रधान ठरवायला दोनदा आणि मुख्यमंत्री ठरवायला दोनदा मत दिलं असेल. पण गल्लीतला कचरा कुणी उचलायचा, हे ठरवायची संधी त्याला मिळाली नाही. राज्यातल्या इतर अनेक शहरांची कथा फार वेगळी नाही. नवमतदार उदासीन आहे असं म्हणण्याआधी, त्याचा हक्क इतकी वर्षं अडकून का पडला, याचं उत्तर मोठ्यांनी द्यायला हवं. ६१व्या घटनादुरुस्तीनं १९८९ साली मतदानाचं वय २१ वरून १८ वर आणलं. तीन वर्षं अलीकडे आणलेला हक्क आम्ही महापालिकांमध्ये आठ-नऊ वर्षं पलीकडे ढकलला.

तरीही निराशेवर उपाय घरी बसणं हा नाही. ज्या बाबासाहेबांनी प्रत्येकाच्या मतासाठी झुंज दिली, ते स्वतः १९५२च्या पहिल्याच निवडणुकीत उत्तर मुंबईतून पराभूत झाले. पुढे १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले. म्हणून त्यांनी सर्वांना मत देण्याची कल्पना चुकीची ठरवली नाही. मताचा हक्क हा मनासारख्या निकालाचा हक्क नसतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

त्यामुळे पहिल्यांदा मत देणाऱ्यांना मी चार साध्या गोष्टी सांगतो. पहिली, मतदार ओळखपत्र खिशात असलं तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही; म्हणून नाव आधी तपासा. नाव नसेल तर नमुना ६ भरा. आता वर्षातून चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्जही करता येतो. दुसरी, तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर निमूटपणे परतू नका. ओळख पटवून वेगळ्या मतपत्रिकेवर मत नोंदवण्याचा हक्क तुम्हाला आहे, तो केंद्राध्यक्षाकडे मागा. तिसरी, लोकसभा-विधानसभेला बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्रात सात सेकंद चिठ्ठी दिसते. घाईनं निघू नका, ती वाचा. कुणीच पसंत नसेल तर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालानं तुम्हाला मिळालेलं आहे.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. तुम्ही कुणाला मत दिलं, हे सांगण्याची सक्ती तुमच्यावर कुणीही करू शकत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९४ नुसार न्यायालयसुद्धा हे विचारू शकत नाही. जे न्यायालयाला विचारता येत नाही, ते मोहल्ल्याच्या नेत्याला, मालकाला, मौलानांना, महाराजांना किंवा मामूंना कसं विचारता येईल? सगळ्यांचं ऐका. अब्बांचं ऐका, मित्रांचं ऐका, सभांना जा, जाहीरनामे वाचा. घरात वाद घाला. पण त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे जाताना सगळ्यांना बाहेर ठेवा.

आणि घरातल्या मोठ्यांना एक विनंती. पोरगं पहिलं मत देऊन आलं की त्याच्या बोटाची शाई बघा, पाठ थोपटा, हवं तर मिठाई आणा. फक्त ‘कुणाला दिलंस?’ एवढं विचारू नका.